मोठ्या अक्षरांचा हंगाम

खामगावहून पिंपळगाव राजाकडे निघालं की ठरावीक दिवसांत रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस लागतो. कापसाच्या गाड्या भरभरून जिनिंगकडे जातात, वाऱ्यानं पुंजके उडतात आणि काट्यांना अडकून बसतात. लहानपणी मला खरंच वाटायचं की बाभळीलाही कापूस येतो, फक्त काट्यांमुळे तो वेचायला कोणी जात नाही. बाबांनी हा गैरसमज बरीच वर्षं मुद्दाम जपला होता. यंदा एसटीच्या खिडकीतून ते पुंजके पुन्हा दिसले. सांगायला बाबा नाहीत, आणि मला जे सांगायचं होतं ते ऐकायलाही नाहीत.

मी पुण्यात वेबसाइट तपासते. कोणीतरी वेबसाइट बनवतं आणि ती मोबाईलवर नीट दिसते का, बटणं दाबली जातात का, पान मध्येच अडकतं का, हे मी पाहते. माझ्या टेबलावर चौदा फोन असतात, लहान-मोठे, जुने-नवे. एकच पान मी दिवसभर चौदा वेळा उघडते. मला पाहायला आलेल्या एका मुलाच्या मामांनी विचारलं होतं, ‘‘म्हणजे मोबाईल रिपेरिंग का?’’ मी काही बोलायच्या आत बाबा म्हणाले, ‘‘रिपेरिंग नाई. तपासनीस हाय माही पोरगी.’’ त्या शब्दाला त्यांनी असा काही जोर दिला की मामा सावरून बसले. स्थळ जमलं नाही ते नाहीच, पण बिरूद मात्र गावभर झालं.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी बाबांना स्मार्टफोन घेऊन दिला. आई मी बारावीत असतानाच गेली होती, घरात ते एकटे. तेव्हापासूनच त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. चष्म्यानं फारसं काही होत नव्हतं, आणि ऑपरेशन ते दरवर्षी ‘‘वेचणी झाली की करू’’ म्हणून पुढं ढकलत. फोन हातात घेऊन त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला, उन्हात नेला, सावलीत आणला, आणि परत माझ्या हातात दिला. म्हणाले, ‘‘मुंग्या हायेत यात.’’ मग मी सेटिंगमध्ये जाऊन अक्षरं मोठी केली, होतील तेवढी मोठी. एका ओळीत तीनच शब्द मावायला लागले. बाबांनी पुन्हा फोन घेतला आणि माझं नाव वाचलं, मोठ्यानं, पहिलीतल्या मुलासारखं. मला वाटलं, आयुष्यात एक तरी काम मी धड केलं.

दुसरी अडचण अंगठ्याची होती. वेचणीच्या दिवसांत बोंडाच्या वाळक्या टोकांनी बोटं सोलून निघतात, भेगा पडतात, आणि तसल्या खरखरीत अंगठ्याला फोनची काच ओळखच देत नाही. बाबा अंगठा दाबत, काहीच व्हायचं नाही. मग ते अंगठा जिभेला लावून दाबायचे, वहीचं पान उलटावं तसा. आमच्या ऑफिसात या प्रकाराचा कोणाला पत्ताच नव्हता. मी तो लिहून दिला, बटणं मोठी करून घेतली, आणि साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. अंगठा कोणाचा, ते मी सांगितलं नाही.

तिथून बाबा माझे पंधरावे फोन झाले. मी लिंक पाठवायची, ते वावरातून, पऱ्हाटीच्या तासात, म्हणजे कपाशीच्या दोन ओळींमध्ये उभे राहून उघडायचे आणि फोन करायचे.

‘‘बाई, पिवळ्यावर पांढरं काऊन लेहलं? उन्हात काही दिसून नाही राह्यलं.’’

‘‘बाबा, त्याला डिझाइन म्हणतात.’’

‘‘असन. पण दिसत नाही ना.’’

एकदा त्यांनी विचारलं, ‘‘तू जे शोधतं ते बग म्हंजे काय?’’ मी सांगितलं, किडा. ते खूप हसले. ‘‘मंग तू बी फवारणीवालीच झाली का बाप्पा.’’

त्यांना तपासायची जन्माची सवय होती. बोंडात अळी आहे का हे पाहायचं तर ते कधी धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून वावर पाहत नसत. चारही कोपऱ्यांतली आणि मधल्या तासातली मिळून वीस हिरवी बोंडं तोडायची, मांडी घालून बसायचं आणि एकेक फोडायचं. वरून बोंड कसं चकचकीत आहे याला त्यांच्या लेखी काही किंमत नव्हती. ‘‘धुऱ्यावरच्या झाडाले हवा लागते, उजेड लागते. थे चांगलंच रायते. मधलं पाह्य,’’ असं ते म्हणायचे. बीटी कपाशी आली तेव्हा लोक म्हणाले, आता बोंडअळीचा विषय संपला. बरीच वर्षं ते खरंही वाटलं. बाबा मात्र वीस बोंडं फोडायचे सोडत नसत. पुढं अळी परत आली तेव्हा ते म्हणाले, ‘‘ते मेली नव्हती, शिकून राह्यली होती.’’

ज्या वर्षाचं मला सांगायचंय, त्या वर्षी पाऊस चांगला होता. पऱ्हाटी कमरेच्या वर गेली. मग फुलं नीट उमलेनात, पाकळ्या एकमेकींना चिकटून गुलाबाच्या कळीसारख्या मिटलेल्या राहू लागल्या. आमच्याकडे तिला डोमकळी म्हणतात. पाहायला सुंदर असते आणि आत गुलाबी अळी असते. बाबांनी वीस बोंडं फोडली तर चौदा किडकी निघाली. फोनवर त्यांनी मला आकडा तेवढा सांगितला.

आणि त्याच दिवसांत माझ्या टेबलावर एक काम आलं. पिकाच्या नुकसानीची नोंद शेतकऱ्यानं स्वतःच्या मोबाईलवरून करायची, त्यासाठीची वेबसाइट. नाव-गाव भरायचं, किडक्या बोंडांचे फोटो जोडायचे, शेवटी ‘नोंद पाठवा’ हे हिरवं बटण दाबायचं. मुदतीत ज्यांची नोंद येईल त्यांच्याच वावराची पाहणी, आणि पाहणी झाली तरच मदत. कोणासाठी आमची कंपनी ते बनवत होती, ते इथं लिहायचं कारण नाही, कारण यात दोष द्यायचा तर तो एका माणसाला द्यावा लागेल आणि ते माणूस मी आहे. तेव्हा मात्र माझा आनंद गगनात मावत नव्हता. माझ्या गावच्या कामाची वस्तू माझ्या हातून जाणार होती. मी बाबांना लिंक पाठवली.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. ‘‘बाई, समदं भरलं. पण शेवटचं बटण मले दिसून नाही राह्यलं.’’

‘‘खाली सरकवा ना.’’

‘‘नाही सरकत. तिथंच थांबते.’’

माझ्यासमोर चौदा फोन होते आणि चौदांवर ते बटण हिरवंगार चमकत होतं. दुसऱ्या दिवशी साइट सुरू व्हायची होती, साहेब दर तासाला येऊन उभे राहत होते. मी म्हटलं, ‘‘बाबा, तुमचा फोन आता जुना झाला. माझ्याकडे सगळीकडे दिसतंय. दुसऱ्या कोणाच्या फोनवर पाहा.’’

‘‘पाह्यलं. कौसाबाईच्या बी फोनवर नाही.’’

‘‘मग तिकडे नेटवर्क नसेल. चालते बाबा, मी तपासलंय.’’

‘‘बरं. तू म्हणतं तं चालत असन,’’ असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी त्यांची तक्रार नोंदीत लिहिली आणि पुढं ‘पुन्हा घडत नाही’ असा शेरा मारून बंद केली. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ना, तसं मी बापाच्या फोनला वाकडं म्हटलं. वीस बोंडं फोडणाऱ्या माणसाची मुलगी, धुऱ्यावरची चौदा पाहून मोकळी झाली.

कौसाआजीच्या फोनवर ते बटण का दिसलं नाही, हे मला त्याच वेळी उमगायला हवं होतं. कौसाआजी आमच्या शेजारच्या. कान अधू, साक्षरता वर्गात अक्षरओळख झालेली. त्यांची नात नागपूरला नर्सिंग शिकत होती, ती निरोप पाठवायची, आणि आजींना तो दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागायचा. ही साइट यायच्या बऱ्याच आधी, एके सकाळी बाबांनी निंबाखालच्या पारावर बसून त्यांच्या फोनची अक्षरं मोठी करून दिली. आजींनी ‘आजी, जेवली का’ एवढंच एकेक अक्षर जोडत वाचलं आणि पदर डोळ्यांना लावला. झालं, दुसऱ्या दिवसापासून पारावर रांग. ज्याला कमी दिसतं तो फोन घेऊन यायचा. आजींच्या वावरात पहिल्या वेचणीला सीतादहीची पूजा असायची, कपाशीला दहीभाताचा नैवेद्य; आमच्या घरी ती रीत नाही, पण दहीभाताचा पहिला घास बाबांना द्यायची पद्धत आजींनी तेव्हापासून पाडली. म्हणायच्या, ‘‘त्यानं मले डोळे देले.’’

तर गावात जेवढे फोन त्या पारावरून गेले होते, तेवढ्यांची अक्षरं मोठी होती. आणि आमच्या वेबसाइटचं शेवटचं पान असं बांधलेलं होतं की अक्षरं मोठी झाली की हिरवं बटण पडद्याच्या खाली ढकललं जायचं आणि पान काही सरकायचं नाही. माझ्या चौदा फोनांत एकाचीही अक्षरं मी मोठी केलेली नव्हती. त्या ऑफिसात सगळ्यांचे डोळे चांगले होते.

पुढचे दिवस मी पुण्यात होते, त्यामुळे ते मला नंतर ऐकून कळले. लोक वावरातून किडकी बोंडं घेऊन पारावर येत. बाबा फोटो काढून देत, माहिती भरत. शेवटच्या पानावर आले की बटण असेल त्या अंदाजानं तळाशी अंगठा दाबत. कोणी विचारलं, ‘‘गेलं का?’’ की म्हणत, ‘‘गेलं. माह्या पोरीनं तपासलं हाय.’’ आणि वर बजावत, पाहणी होईस्तोवर पऱ्हाटी उपटू नका, पुरावा जाईल. लोकांनी ऐकलं. आजूबाजूच्या गावांनी पऱ्हाटी उपटून हरभरा पेरला. आमच्या गावची किडकी पऱ्हाटी तशीच उभी राहिली, येणाऱ्या माणसांची वाट पाहत. हरभरा पेरण्यापुरती ओल निघून गेली.

मी गावी गेले तेव्हा थंडी पडली होती. पाहणीवाल्यांची गाडी फाट्यावरून शेजारच्या गावाला जाऊन परत गेली होती, आमच्याकडे वळली नव्हती. पारावर माणसं नुसती बसली होती. कौसाआजींनी मला पाहिलं आणि फोन पुढं केला. ‘‘पाह्य बरं बाई, आमची नोंद कुठी अडकली?’’

मी पान उघडलं. बटण खरंच नव्हतं. का कोण जाणे, माझं बोट आपोआप सेटिंगकडे गेलं आणि मी अक्षरं एक पायरी लहान केली, मग आणखी एक. खालून हिरवं बटण हळूच वर आलं. सगळे वाकून पाहत होते. त्याच्यावर लिहिलेलं होतं, मुदत संपली आहे.

बाबा माझ्या शेजारीच होते. ते फार हळू बोलले, मला ऐकू जाईल एवढंच. ‘‘तू म्हणलं चालते. मंग मले वाटलं, मलेच दिसत नसन.’’

त्यानंतर कोणीतरी विचारलं, ‘‘तुमच्या पोरीनं तं तपासलं होतं ना?’’ मी तोंड उघडायला हवं होतं. मी सांगायला हवं होतं की या माणसानं मुदतीच्या आधी, साइट सुरू व्हायच्याही आधी, हेच मला सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही. बाबा उठून उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘तिनं बरोबर तपासलं. अक्षरं म्या वाढोली. चूक माही हाय.’’ मी माझ्या चपलांकडे पाहत राहिले.

ऑफिसात जाऊन मी ती चूक दुरुस्त करून घेतली. बैल गेला आणि झोपा केला. गावातल्या वावरांत लोकांनी मेंढ्या सोडल्या. पारावर बाबांकडे फोन घेऊन येणं बंद झालं. कोणी भांडलं नाही, आमच्याकडचे लोक तसे भांडत नाहीत, फक्त बाबा बसले की पारावरची दोन माणसं काम आठवून उठत.

मी बाबांना लिंक पाठवत राहिले. मला वाटायचं, त्यांना परत कामाला लावलं की सगळं पूर्ववत होईल. पण वावरातून येणारे फोन थांबले. उत्तरादाखल नुसता तो पिवळा अंगठा यायचा. पिवळ्यावर पांढरं लिहिलेलं पान पाठवलं तरी अंगठा, मुद्दाम मोडकं पान पाठवलं तरी अंगठा. बोलणं व्हायचं ते पाऊस, जेवण, खोकला एवढंच. शेवटी मी एक मोठा निरोप लिहिला. तोंडानं बोलायची हिंमत नव्हती म्हणून लिहिला. त्यात सगळं होतं, चूक माझी होती, तुम्ही सांगितलं होतं, पारावर मी गप्प बसले, मला माफ करा. पाठवला आणि फोन उलटा ठेवून दिला. थोड्या वेळानं पाहिलं तर अंगठा आलेला होता.

तो अंगठा मी इतकी वर्षं उराशी धरून जगले. पुढच्या उन्हाळ्यात बाबा गेले, चार दिवसांच्या तापात. मला पोचायला उशीर झाला. रडताना सुद्धा मनात एक कोपरा शांत होता, की निदान त्यांनी वाचलं, निदान त्यांनी माफ केलं.

वावर तेव्हापासून बटईनं, अर्ध्या वाट्यानं कसायला दिलं आहे. घराला कुलूप असतं. यंदा बाभळींचा कापूस पाहत गावी आले ती घर झाडायला म्हणून. कपाटात, त्यांच्या मफलरमध्ये गुंडाळलेला फोन सापडला. इतकी वर्षं त्याला हात लावायचा मला धीर झाला नव्हता. कौसाआजींच्या ओट्यावर बसून मी तो चार्जिंगला लावला. बऱ्याच वेळानं उजेड आला.

मला वाटलं, फोन दुसऱ्याच कोणाचा आहे. अक्षरं बारीक होती. सेटिंगमध्ये पाहिलं तर अगदी शेवटच्या पायरीवर, याहून लहान होत नाहीत एवढी.

‘‘आजी, हे कोणी केलं?’’

आजींनी कानाशी हात नेला, मी पुन्हा विचारलं. ‘‘त्यानंच. तू त्या थंडीत पुण्याले गेली, त्याच सांजीले केली. माही बी केली. म्हणे, माह्यापायी पोरीच्या कामात खोट नको निंगाले.’’

‘‘मग ते वाचायचे कसे?’’

‘‘वाचे कुठी बाई. दिसेच नाही त्याले. तुह्या फोटोवर लाल टिपका आला की म्हणे, पोरीनं काम धाडलं. अंगठा देऊन द्यायचा, अन् ठेवून द्यायचा.’’

मी आमच्या दोघांचं बोलणं उघडलं. माझ्या लिंकांची लांबच लांब रांग आणि प्रत्येकीखाली तोच पिवळा अंगठा. त्यांच्या मधोमध माझा तो निरोप, मुंग्यांची एक वारुळभर रांग, आणि त्याच्याखालीही अंगठा. पोरीनं काम धाडलं. म्हणजे माफी कोणी वाचलीच नव्हती. माझ्या बापानं ती न वाचता पास केली होती.

समोरच्या गल्लीतून वेचणीच्या बाया कमरेला कापसासाठी ओटी बांधून वावराकडे निघाल्या होत्या. आजी माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. ‘‘काय लेहलं व त्यात?’’

मी फोनची अक्षरं मोठी केली, होतील तेवढी मोठी. मग वाचायला लागले. ‘बाबा, चूक माझी होती.’ माझा आवाज मलाच जेमतेम ऐकू येत होता. दोन ओळी झाल्या आणि आजींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

‘‘मोठ्यानं वाच बाई. मले काही ऐकू नाही येऊन राह्यलं.’’

गल्लीतल्या बाया आमच्याकडे पाहत थांबल्या होत्या. त्यांतल्या दोघींच्या वावरातली पऱ्हाटी त्या वर्षी तशीच उभी राहिली होती. मी पहिल्या ओळीवर परत गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.